सोन्याचे नाणे आणि त्याचे वेष्टन
(नभोवाणीवरील भाषण)



दसरा, धनत्रयोदशी, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली, म्हणजे आपल्या मध्यम स्थितीतील घरांतून एक लहानशी मसलत सुरू होते. दागिना घ्यावा तर हौस भागते खरी, पण घडणावळ अंगावर पडते आणि पुढे मोडताना घट बसते ती निराळीच. तेव्हा ह्या खेपेस दागिना नको, नाणेच घ्यावे, असे ठरते. विचार योग्यच आहे. परंतु पेढीवर जाऊन बसल्यावर एक नवाच प्रश्न समोर उभा राहतो. सराफ दोन नाणी पुढे ठेवतो. दोन्ही दहा ग्रॅमची, दोन्हींवर ९९९ हा शुद्धतेचा आकडा. एक नाणे सराफकट्ट्यावरच्या नेहमीच्या गुलाबी कागदात गुंडाळलेले. दुसरे एका कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कार्डात पक्के बंद केलेले. त्या कार्डावर अनुक्रमांक आहे, परीक्षकाची सही आहे, आणि फाडल्यावाचून ते उघडता येत नाही. ह्या दुसऱ्या नाण्याला किंमत अधिक. का, म्हणून विचारावे तर उत्तर येते, ‘‘साहेब, पॅकिंग सीलबंद आहे!’’

ह्या सीलबंदपणाबद्दल आपण जे जास्त पैसे मोजतो, त्यांच्या मोबदल्यात आपल्या पदरात नेमके काय पडते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक उघड गोष्ट सांगून टाकतो. वेष्टनात सोने नसते. नाणे मुशीत पडले म्हणजे कार्ड, मखमलीची डबी आणि सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र ह्यांचा एक गुंजभरही भाव होत नाही. परंतु एवढ्यावरून वेष्टन म्हणजे निव्वळ देखावा, असे म्हणणेही बरोबर होणार नाही. वेष्टन हा एक प्रकारचा साक्षीदार आहे. ‘आत जे आहे ते अमुक वजनाचे व अमुक कसाचे असून, मी बंद केल्यापासून त्याला कोणाचा हात लागलेला नाही,’ एवढीच त्याची साक्ष. आता साक्षीचे मोल कशावर ठरते? साक्षीदार कोण आहे, आणि तो कोणापुढे साक्ष देत आहे, ह्या दोन गोष्टींवर. सोन्याच्या वेष्टनाचेही तसेच आहे.

ह्याचा मोठा मौजेचा दाखला जपानच्या इतिहासात सापडतो. तोकुगावा शोगुनांच्या अमदानीत, म्हणजे १६०३ पासून १८६८ पर्यंतच्या काळात, तेथे सोन्याची नाणी ठराविक संख्येने कागदात बांधून, त्यावर रक्कम लिहून, मोहोर करून पुडकी तयार करण्याची पद्धत होती. सोन्याच्या टांकसाळीचा कारभार पाहणाऱ्या गोतो घराण्याची मोहोर ज्या पुडक्यावर असे, ते पुडके न फोडताच बाजारात हातोहात फिरे. पन्नास र्‍योचे पुडके म्हणजे पन्नास र्‍यो; उघडून मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. येथे कागदाला किंमत आली ती कागदाच्या गुणाने आली नाही. गोतोंच्या मोहोरेवर साऱ्या बाजाराचा भरवसा होता म्हणून आली. तेच पुडके त्या काळी कोणी सुरतेच्या किंवा पुण्याच्या सराफापुढे ठेवले असते, तर त्याने ते तत्क्षणी फोडून आतली नाणी कसोटीवर घासून पाहिली असती, आणि त्यात त्याचे काहीच चुकले नसते. त्याच्या लेखी गोतो कोण?

बाहेरच्या वेष्टनावाचूनही स्वतःची साक्ष स्वतःच देणारी नाणी असतात. आपल्या घरांतील जुन्या पुतळ्यांच्या माळा आठवा. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे डुकॅट नावाचे नाणे. १२८४ साली ते पहिल्याने पाडले गेले आणि १७९७ साली व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत पाडले जात होते. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. त्यावर एका बाजूला संतापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला उभी मनुष्याकृती. ह्या आकृत्यांवरूनच आपल्याकडे त्याला पुतळी हे नाव पडले. पाच शतके त्याची घडण जवळजवळ बदलली नाही. व्हेनिस कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नसलेला सराफही ते नाणे दुरून ओळखी. त्याला ना डबी होती, ना कार्ड. ह्या ख्यातीमुळे त्याच्या नकलाही पुष्कळ निघाल्या, हे खरे. त्यांवरची लॅटिन अक्षरे वेडीवाकडी असत. पण त्यांतील कित्येक नकला चांगल्या सोन्याच्या होत्या! नक्कल करणाऱ्याला हवे होते ते सोने नव्हे. ओळखीचा चेहरा हवा होता.

अलीकडच्या काळातील असेच नाणे म्हणजे इंग्रजी सॉव्हरिन, ज्याला आपल्या आज्या गिनी म्हणत. १९१८ साली लंडनच्या राजटांकसाळीची एक शाखा मुंबईस उघडण्यात आली होती आणि तेथे सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडण्यात आले. त्यांवर सालाच्या वर ‘आय’ हे बारीक इंग्रजी अक्षर आढळते. सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर आणि जाडी सुमारे दीड मिलिमीटर. सोने २२ कॅरट. ही मापे सर्वत्र प्रसिद्ध आहेत आणि ह्या मापांतच त्याचे खरे संरक्षण आहे. कारण सोने ही विलक्षण जड धातू आहे. पाण्याच्या १९.३ पट तिचा भार. चांदी साडेदहा पट, शिसे अकरा पटींहून थोडे अधिक, तांबे नऊ पटींच्या आत. सॉव्हरिनच्या बरोबर आकाराचे नाणे कोणी चांदीचे करून त्याला मुलामा दिला, तर ते पाच ग्रॅमही भरणार नाही. पितळेचे केले तर चार ग्रॅमच्या आतच राहील. वजन पुरे करावयाचे म्हटले तर नाणे जाड तरी करावे लागेल किंवा रुंद तरी. वजन, व्यास आणि जाडी ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे ठकाला फार अवघड जाते. ज्या नाण्याचे माप जगजाहीर आहे, त्याचे वेष्टन त्याच्या अंगावरच असते, असे म्हणावयास हरकत नाही.

टांकसाळी स्वतः काय करतात हे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने १९८६ सालापासून ‘ईगल’ नावाचे सोन्याचे नाणे काढले. त्यातील एक औंसाचे नाणे दोन तऱ्हांनी विकले जाते. केवळ सोने म्हणून घेणाऱ्यांसाठी काढलेली नाणी घाऊक व्यापाऱ्यांच्या हाती जातात ती साध्या प्लॅस्टिकच्या नळीत, एकावर एक रचून, वीस-वीस. संग्राहकांसाठी विशेष झळाळीने पाडलेले नाणे मात्र मखमली डबीत, प्रमाणपत्रासह मिळते आणि त्याची किंमत बरीच अधिक असते. सोने दोन्हींत सारखेच, ३१.१०३५ ग्रॅम. म्हणजे जेथे सोन्याचा व्यापार आहे तेथे टांकसाळ डबीवर खर्च करीत नाही, आणि जेथे हौसेचा व्यापार आहे तेथे डबी हा मालाचाच एक भाग असतो. संग्राहकाने ती डबी हरवली तर पुढचा संग्राहक त्याला कमी पैसे देईल, आणि ते योग्यच होय. परंतु मुलीच्या शिक्षणासाठी चार नाणी जमवणाऱ्या गृहस्थाने संग्राहकाच्या डबीचे पैसे का भरावेत?

आता कोणी म्हणेल, की मग आमच्या पेढीवरच्या नाण्याचेही तसेच. गुलाबी कागदातले घ्यावे आणि घरी यावे. येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे सणावारी लक्ष्मी-गणपतीच्या मूर्तीचे जे ‘नाणे’ विकले जाते, ते खऱ्या अर्थाने नाणे नव्हेच. नाणे पाडण्याचा अधिकार सरकारचा. २०११ च्या नाणेविषयक कायद्यातही तसेच आहे. पेढीवाल्याचे किंवा शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याचे ते नाणे म्हणजे सोन्याची एक गोल चकती. तिचा व्यास किती असावा, जाडी किती असावी, चित्र कोणते असावे, ह्याला सर्वमान्य नियम नाही. आज एका पेढीची लक्ष्मी उभी, तर दुसरीची कमळात बसलेली. सॉव्हरिनचा चेहरा लंडनपासून मुंबईपर्यंत ओळखीचा. ह्या चकतीचा चेहरा तिच्या पेढीबाहेर कोणाच्याही ओळखीचा नाही. त्यातून भर अशी, की दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा करणारा सरकारचा २०२० सालचा आदेश निघाला, तेव्हा सोन्याच्या लगडी व नाणी त्यातून वगळलेली होती. तेव्हा अशा चकतीला साक्षीदाराची गरज सॉव्हरिनहून पुष्कळ अधिक आहे. ती साक्ष भारतीय मानक ब्यूरोच्या शिक्क्याची असेल तर उत्तम. नामांकित शुद्धीकरण कारखान्याचे सीलबंद कार्ड असेल तर तीही उपयोगी. माझ्या मते वेष्टनाचे महत्त्व आपल्याकडे परदेशापेक्षा अधिक आहे ते ह्याच कारणाने. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये भारत सरकारने एका बाजूस अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींची प्रतिमा असलेले सोन्याचे नाणे विक्रीस काढले, तेव्हा त्यालाही हॉलमार्क आणि सीलबंद वेष्टन ही दोन्ही दिली होती. नव्या चेहऱ्याला ओळख करून देणारा कोणीतरी लागतोच.

परंतु खरी कसोटी नाणे घेताना लागत नाही, विकताना लागते. दुखणे, फी, घराचा हप्ता अशा अडचणीत नाणे बाहेर निघते. त्या दिवशी आपण कोणाच्या दारात जाणार, ह्यावर वेष्टनाचे सारे मोल अवलंबून असते.

गल्लीतील ओळखीच्या सराफाकडे गेलात, तर तो कार्डाकडे क्षणभर पाहील आणि कात्री हातात घेईल. त्याने तसे करणे साहजिक आहे. त्याला पैसे मोजावयाचे आहेत ते सोन्याबद्दल, छापील सहीबद्दल नव्हे. तो नाणे तोलील, कसोटीच्या दगडावर घासून आम्ल लावील किंवा क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवील आणि जो टंच निघेल त्याप्रमाणे भाव देईल. अशा ठिकाणी वेष्टनासाठी भरलेला प्रत्येक रुपया त्या कात्रीबरोबर केराच्या टोपलीत जातो.

ज्यांनी ते विकले त्यांच्याकडेच परत गेलात, तर प्रकार उलट होतो. कित्येक मोठे विक्रेते आपले नाणे बाजारभावाने परत घेतात, पण वेष्टन शाबूत असेल तरच, अशी अट असते. माझ्या परिचयातील एका बाईंना ह्याचा अनुभव आला. भाऊबीजेला मिळालेले पाच ग्रॅमचे नाणे देवघरात पूजेला ठेवावे म्हणून त्यांनी कार्ड कापून काढले. तीन वर्षांनी विकावयास नेले, तेव्हा त्याच दुकानाने ते ‘जुने सोने’ म्हणून धरले आणि घट कापून पैसे दिले. नाणे तेच, अनुक्रमांक लिहिलेले बिल हातात. पण साक्षीदार फाटलेला! दुकानाची अट बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली होती, त्यामुळे बोलण्यासही जागा राहिली नाही.

बँकांचा विचारही येथेच करून टाकू. बँकांनी विकलेली नाणी सुबक वेष्टनात येतात आणि बँकेच्या नावाचा दरारा मोठा असतो. परंतु आपल्याकडील बँकांना विकलेले नाणे परत विकत घेण्याची मुभा नाही. म्हणजे साक्षीदार वजनदार, पण ज्या दिवशी साक्ष हवी त्या दिवशी तो कचेरीत येणारच नाही. मग गाडी शेवटी त्याच सराफाच्या कात्रीपाशी येऊन थांबते.

म्हणून नाणे घेताना पेढीवर एकच प्रश्न विचारावा, असे मला वाटते: ‘‘हेच नाणे मी आज संध्याकाळी परत आणले, तर तुम्ही काय द्याल? आणि हे कार्ड उघडून आणले, तर काय द्याल?’’ दोन उत्तरांतील अंतर म्हणजे त्या वेष्टनाचे खरे मोल. ते अंतर वेष्टनासाठी मागितलेल्या पैशांहून अधिक असेल तर कार्ड घ्यावे. कमी असेल तर गुलाबी कागद काय वाईट? उत्तर तोंडी घेऊ नये, बिलावर लिहून मागावे. लाजण्याचे काही कारण नाही; भाजी घेताना आपण ह्याहून अधिक प्रश्न विचारतो.

लहान नाण्यांच्या बाबतीत हा हिशेब फार लवकर अंगाशी येतो. वेष्टनाचा खर्च एक ग्रॅमच्या नाण्याला आणि दहा ग्रॅमच्या नाण्याला जवळजवळ सारखाच. समजा, कार्डामागे दोनशे रुपये अधिक पडले. दहा ग्रॅमचे एक नाणे घेतले तर दोनशेच. एकेक ग्रॅमची दहा घेतली तर दोन हजार, आणि शिवाय घडणावळ दहा वेळा. दर महिन्यास एक ग्रॅम घेऊन सोने साठवण्याची पद्धत काटकसरीची वाटते, पण पुष्कळदा त्यात सोन्याबरोबर प्लॅस्टिकचीही बरीच खरेदी होते.

आता वेष्टनावर अंधविश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक इशारा. नाण्याची नक्कल करण्यापेक्षा कार्डाची नक्कल करणे सोपे आहे. चांगले छापखाने सर्वत्र आहेत. नामांकित स्विस कारखान्यांच्या कार्डांच्या हुबेहूब नकला, आत मुलाम्याची चकती घालून, जगभर विकल्या गेलेल्या आहेत. त्यातील ग्यानबाची मेख अशी, की कार्ड उघडले तर त्याची किंमत जाते, ह्या भीतीने घेणारा ते उघडतच नाही, आणि ठकाची चकती वर्षानुवर्षे कपाटात सुखाने राहते. २०१२ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका सराफाला दहा औंसांच्या, नामांकित ठशाच्या लगडीत टंगस्टन भरलेले आढळले. टंगस्टनचा भार पाण्याच्या १९.२५ पट, म्हणजे जवळजवळ सोन्याएवढाच. तराजू तेथे फसतो. क्ष-किरणांचे यंत्रही धातूची वरची कातडीच तेवढी वाचते. सुदैवाने टंगस्टन अतिशय कठीण व ठिसूळ असल्यामुळे त्यावर पातळ नाण्याचा नाजूक ठसा उठवणे सोपे नाही. हा धोका जाड लगडींना अधिक, नाण्यांना कमी. सोन्याची वीजवाहकता टंगस्टनच्या दुपटीहून अधिक असल्याने ती मोजणारी यंत्रे आता निघाली आहेत, आणि ती पाकिटाआडूनही परीक्षा करू शकतात. आपल्या सराफाकडे असे यंत्र असेल तर कार्ड न फोडता खात्री करून घेता येईल.

नाणे उघडे असेल, तर घरच्या घरीही एक परीक्षा होऊ शकते. शाळेत आर्किमिडीजची गोष्ट सर्वांनी ऐकलेली आहे. शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या लहान काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, पेल्याच्या तळाला वा कडेला न टेकता, पाण्यात पूर्ण बुडेल असे धरावे. दहा ग्रॅमच्या शुद्ध सोन्याच्या नाण्याने काटा सुमारे ०.५२ ग्रॅम दाखवील. तितक्याच वजनाची चांदी असेल तर ०.९५ च्या आसपास. अंगठी-बांगड्यांतही ही परीक्षा करून पाहण्याचा मोह होईल. पण त्यांत खडे, लाख आणि डाग असल्यामुळे तेथे आकडा भलताच येतो.

वेष्टनाचा आणखी एक उपयोग सांगावयाचा राहिला. तो म्हणजे जपणूक. शुद्ध सोने मऊ असते. एका डबीत पाच नाणी सुटी खुळखुळत ठेवली, तर एकमेकींवर ओरखडे उठतात. त्याने वजन म्हणण्यासारखे घटत नाही, पण विकताना दिसण्यावरून घासाघीस करण्यास समोरच्याला निमित्त मिळते. सॉव्हरिनमध्ये तांबे मिसळलेले असते ते नाणे टिकाऊ व्हावे म्हणूनच. तरीही सुटे ठेवण्यापेक्षा वेगळे ठेवलेले बरे. ह्यासाठी महागडी डबी नको. पॉलिएस्टरची साधी पारदर्शक पिशवी किंवा नाण्याच्या मापाची गोल प्लॅस्टिकची डबी पुरते. मऊ पीव्हीसीच्या, उग्र वास येणाऱ्या पिशव्या मात्र टाळाव्यात. कालांतराने त्यांतून आम्लाचा अंश सुटून मिश्र धातूच्या नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो. आणि काहीही झाले तरी नाणे चिंच-रिठ्याने उजळू नये. देवाच्या पितळी समईला जो न्याय, तो ह्याला नाही.

भेटीदाखल द्यावयाच्या नाण्याबद्दल मी काही बोलणार नाही. बारशाला किंवा मुंजीला नाणे द्यावयाचे, तर ते मखमली डबीतून दिलेलेच शोभते, आणि त्या डबीचा खर्च हा समारंभाच्या खर्चात धरावा, बचतीत धरू नये, म्हणजे झाले.

ज्यांनी कार्डातील नाणी आधीच घेऊन ठेवली आहेत, त्यांनी ती आता उगाच उघडू नयेत. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून, अनुक्रमांक एका वहीत टिपून, बिले त्याच वहीत चिकटवून ठेवावीत, आणि वही नाण्यांच्या शेजारी न ठेवता दुसऱ्या कपाटात ठेवावी. कुतूहलाने एखादे कार्ड उघडलेच गेले असेल, तर फाटलेले कार्डही नाण्याबरोबर जपावे. पुष्कळ ठिकाणी अनुक्रमांक नाण्यावर नसून कार्डावरच असतो, आणि बिलावरचा आकडा जुळवून दाखवण्यास तेवढाच एक पुरावा उरतो.